‘माहेर’ नावाचा रकाना

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

बाळंतपणावरचा तुमचा हा अभ्यास म्हणजे पाच देश, त्यात स्त्रीरोगतज्ज्ञ, संख्याशास्त्री, सॉफ्टवेअरवाले आणि समाजशास्त्राची एक बाई. एवढ्यांची मोट बांधायचं काम तुझ्या गळ्यात पडलंय. फोनवर मला नीट सुचत नाही, म्हणून लिहिते.

पहिल्या बैठकीत सगळे माना डोलावतील, त्याला भुलू नकोस. आमच्या एका अभ्यासात पहिलटकरणी होत्या. तिसऱ्या महिन्यात परदेशातल्या डेटावाल्यांचं ईमेल आलं: बेळगावकडच्या बायका फार ‘संपर्काबाहेर’ जातायत, तुमचं काम ढिलं आहे. आमची नर्स भडकली. बाई जाणार कुठं? सातव्यात ओटी भरली की माहेरी! खानापूरची सून चंदगडला गेली, म्हणजे राज्य बदललं, आरोग्य केंद्र बदललं, आमचं कार्ड तिथं कोण विचारतो? त्यांच्या फॉर्मात माहेराला जागाच नव्हती. तीन आठवडे ईमेलवर भांडलो. शेवटी नोंदणीच्याच दिवशी माहेरचं गाव आणि भावाचा मोबाइल लिहून घ्यायला लागलो. ते सुचवलं नर्सनं. तोवर तिला एकाही कॉलवर घेतलं नव्हतं, आणि न घेणारी मीच होते.

तू घे. कॉलची वेळ ठरवताना तिची चूल ध्यानात ठेव. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसहा, आणि नोव्हेंबरात त्यांनी घड्याळ मागं घेतलं की साडेसात. गैरसोयीची वेळ पाळीपाळीनं सगळ्यांच्या वाट्याला येऊ दे, दरवेळी आपल्याच नको.

मोजायचं कशानं, हे मात्र आधी भांडून ठरव. बाळंतपणात रक्त किती गेलं, हे डॉक्टर नजरेनं सांगतो, सुईण भिजलेल्या कपड्यांवरून, आणि संख्याशास्त्र्याला हवे मिलिलिटर. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत २००२ ते २००५ मध्ये मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव आवरणाऱ्या गोळ्यांची चाचणी झाली, १,६२० बायकांवर. बाळ झाल्यावर बाईच्या खाली प्लास्टिकची चादर सरकवायची, रक्त तिच्या खुणा केलेल्या पिशवीत उतरायचं, आकडा वाचायचा. त्यात नजरेचा अंदाज कुणाचाच नाही. ५०० मिलिलिटर किंवा जास्त रक्त जाण्याचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ वर आलं, आणि २००६ साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. असा आकडा कुठल्याही देशातला माणूस मानतो.

लेखकांच्या नावांचा क्रम पहिल्याच महिन्यात कागदावर घे. वाईट दिसतं, पण घे. रक्ताचे नमुने बाहेर जाणार असतील तर परवानग्यांना लागणारे महिने वेळापत्रकात आधीच धर. परदेशी मंडळींना हे दोनदा सांगावं लागतं.

आणि तुझा मराठी-कन्नड फॉर्म मला दाखव. ‘योनीमार्गातून स्राव’ असं छापलं असेल तर खोड. आपल्या बायका ‘अंगावरनं जातंय’ म्हणतात, मग पांढरं का लाल, हे वेगळं विचारावं लागतं. रविवारी निपाणीला येशील तेव्हा कागदावर छापून आण. स्क्रीनवर मला आता दिसत नाही.

तुझी,
काकू