‘चेप’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: इंग्लंडमध्ये शेतात सापडलेल्या मध्ययुगीन वस्तूंच्या वर्णनांचं मराठी करताना ‘डॅगर चेप’ हा शब्द आला. चित्रात तांब्याच्या मिश्रधातूचा निमुळता, पोकळ तुकडा दिसतो. त्याला ‘खंजिराच्या मुठीचे टोपण’ म्हणावं का?

नको. एक तर त्याचा मुठीशी काही संबंध नाही. चेप बसतो म्यानाच्या खालच्या टोकाला. दुसरं म्हणजे ‘टोपण’ म्हटलं की ते काढता-घालता येतं असं वाटतं. हा तुकडा चामड्यावर कायमचा पक्का केलेला असतो. चित्र पुन्हा नीट पाहा. पातळ पत्रा दुमडून त्याची कड मागच्या बाजूला जुळवलेली दिसेल, आणि वरच्या काठाजवळ रिव्हेटसाठी बारीक भोक असेल. चामडं कधीच कुजून जातं, म्हणून हातात येतो तो एवढाच तुकडा. तो गोल न राहता चपटा असेल, तर म्यानाचा असण्याची शक्यता जास्त. काठीच्या टोकाचा तुकडा गोल असतो.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द आहे: तहनाळ. बोलताना कुणी तैनाळही म्हणतात. म्यानाच्या तोंडाशी असते ती मोहनाळ आणि तळाशी असते ती तहनाळ. तहखान्यातला ‘तह’ तोच हा, म्हणजे तळ. ‘नाळ’चं मूळ मात्र गमतीचं आहे. नळीवाला ‘नाल’ मोहनाळेत सहज बसतो. पण अरबीत ‘नअ्ल’ म्हणजे वहाण, घोड्याचा नाल आणि म्यानाच्या तळाचं धातूचं आवरणसुद्धा. त्यामुळे तहनाळेत मला नळीपेक्षा वहाणच जास्त दिसते. आता इंग्रजी ‘चेप’ पाहा. तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याचं मूळ लॅटिन ‘कप्पा’. ‘कॅप’ म्हणजे टोपी, तीही त्याच घरातली. थोडक्यात, एकच टोक, तिकडे त्याला टोपी घातली आणि इकडे वहाण!

तुकडा चांदीचा आहे की पितळेचा, हेही भाषांतरात गाळू नका. १३६३च्या इंग्लिश कायद्याने कारागिरांना सोन्याचांदीच्या सुऱ्या आणि पट्टे वापरायला बंदी केली होती. त्याच शतकाच्या अखेरीस इंग्लिश कवी चॉसरने सुतार, विणकर, रंगारी अशा मंडळींचं वर्णन केलं आहे. त्यांच्या सुऱ्यांच्या साजाला पितळ नव्हतं, सगळी चांदी होती. तिथे त्याने ‘चेप’चंच क्रियापद वापरलं आहे. तेवढ्या एका शब्दात त्या मंडळींचा तोरा कळतो.

तहनाळ वाचकाला जड जाईल अशी भीती वाटत असेल, तर ‘शेंबी’ आहेच. आजोबांच्या काठीची शेंबी एकदा निखळली आणि कुणी लक्ष दिलं नाही. पावसाळा संपेपर्यंत काठीचं टोक फाटून कुंच्यासारखं झालं. म्यानाला तहनाळ लागते ती याचसाठी, शिवाय पात्याचं टोक आतून चामडं फाडून बाहेर येऊ नये म्हणूनही. फक्त शेंबी काठीलाही असते आणि मुसळालाही, म्हणून ती एकटी वापरू नका. मी ‘खंजिराच्या म्यानाची तहनाळ’ असं लिहीन आणि पहिल्या उल्लेखाला ‘म्हणजे टोकाची धातूची शेंबी’ एवढं जोडेन.