रुग्णभेटीला जाण्याआधी

बाळा, मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, रुग्णभेटीच्या सेवेत उतरलास, फार आनंद झाला. एक गोष्ट जीव तोडून सांगते: पहाटेची प्रार्थना सोडू नकोस. बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय काढ. कफर्णहूमात संध्याकाळी सगळं गाव दाराशी लोटलं, येशूने पुष्कळांना बरं केलं, आणि दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो एकांतात प्रार्थनेला गेला. सगळे तुला शोधताहेत, असं शिष्यांनी सांगूनही तो पुढच्या गावांकडे निघाला. आलेली प्रत्येक हाक आपल्यासाठीच असते असं नाही. केडगावला पंडिता रमाबाईंपुढे दुष्काळातून आणलेल्या शेकडो मुलींचं काम होतं. तरी 1905 मध्ये तिथे रोज प्रार्थनेचे गट जमत.

वॉर्डात गेलास की आधी खाटेजवळ बस, ऐक. लगेच वचनं सांगत सुटू नकोस. 'प्रार्थना करू का?' हे विचारल्याशिवाय डोळे मिटू नकोस. सेवेच्या नावाखाली रविवारची उपासना चुकवायची नाही, प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी, तर नाहीच नाही.

एखादा रुग्ण गेला, तर मन दगड करून पुढच्या खाटेकडे धावू नकोस. पाळकांना, म्हणजे आपल्या धर्मगुरूंना, फोन कर, रड, बायबलमधलं तेरावं स्तोत्र मोठ्याने वाच. पहिल्या काही भेटींना मी सोबत येईन.