देवघरातली बाई आणि सिंह

प्रश्न : आमच्या आजोबांचे थोरले भाऊ पहिल्या महायुद्धात 'बसऱ्याला' गेले ते परत आले नाहीत. तिथी ठाऊक नसल्यामुळे त्यांचं पान सर्वपित्रीला वाढतो. कागद एकही नाही. देवघरात एक बशीएवढी जड पितळी तबकडी तेवढी आहे, तिच्यावर बाई आणि सिंह. आजी तिला भवानी म्हणून हळदकुंकू वाहायची. ते कधी, कुठे गेले हे आता कळेल का? तिथी मिळेल का?
– एक वाचक, खेड (जि. रत्नागिरी)

उत्तर : कळण्याची चांगली शक्यता आहे. आणि कागद नाही असं कसं म्हणता? ती तबकडी हाच तुमचा कागद! ती भवानी नव्हे, ब्रिटानिया, म्हणजे बाईच्या रूपात दाखवलेला ब्रिटन देश. त्या युद्धात मेलेल्यांच्या घरच्यांना इंग्रज सरकारने अशी बारा सेंटीमीटरची काशाची तबकडी दिली. आमच्या घरीही होती, माझ्या चुलत आजोबांची. भवानीचा मान तिला मिळाला नाही, तांब्यावर झाकण म्हणून वापरात होती.

आता एक करा. ओल्या फडक्याने हळदकुंकवाचा थर पुसा. चिंच लावून घासू नका, अक्षरं झिजतात. सिंहाच्या डोक्यावर, बाईच्या हातातल्या पानांच्या कड्याखाली एक चौकट दिसेल. तिच्यात उठावाच्या इंग्रजी अक्षरांत नाव असतं. हुद्दा नाही, पलटण नाही, नुसतं नाव. ते जसंच्या तसं, एकेक अक्षर लावून उतरवून घ्या, कारण पुढचं सगळं त्या स्पेलिंगवर आहे.

'कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन' ही संस्था 1917 पासून या मृतांच्या नोंदी ठेवते. 4 ऑगस्ट 1914 ते 31 ऑगस्ट 1921 या काळात मेलेले सैनिक तिच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतात. मी आधी शहाणपणा करून आमचं 'पवार' आपण आज लिहितो तसं टाकलं. दोन संध्याकाळी वाया गेल्या. मग तबकडी काढली, तर तिच्यावर कारकुनाने पी-ओ-डब्ल्यू-ए-आर केलेलं! जाधवांच्या शेवटी कधी व्ही, कधी डब्ल्यू, कधी ओ. शिंद्यांचा एच गायब. शिवाय आपल्या शिपायांचं अख्खं नाव अनेकदा आडनावाच्याच रकान्यात भरलेलं असतं, तेव्हा नुसत्या पहिल्या नावानेही शोधा.

नाव सापडलं की पलटण आणि नंबर मिळतो. नशीब असेल तर बापाचं नाव, गाव, तालुका, जिल्हा आणि शेवटी 'बॉम्बे'. आमच्या गावाचं नाव इतकं मोडलं होतं की मी ते ओलांडून पुढे गेले होते. बापाच्या नावाने परत फिरवलं. घरात एखादं मेडल असेल तर त्याची कडही भिंगातून पाहा, नंबर, नाव आणि पलटण तिथे ठोकलेली असते. म्हातारी माणसं 'जंगी पलटण' म्हणत असतील तर ती 103वी मराठा लाइट इन्फन्ट्री, 'काळी पाचवी' म्हणत असतील तर 105वी.

'बसरा' या शब्दावर मात्र फार विसंबू नका. आमच्याकडे समुद्रापलीकडे गेलेला प्रत्येक जण बसऱ्यालाच गेला. फ्रान्समध्ये बेपत्ता झालेल्या हिंदी शिपायांचं स्मारक नव्ह शापेलला आहे. खरोखर मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात गेले असतील तर नोंदीत 'बसरा मेमोरियल' येईल. 1929 साली उभारलेल्या या स्मारकावर चाळीस हजारांवर माणसांची आठवण आहे, पण दगडावर नाव शोधायला जाऊ नका. गोऱ्यांची नावं कोरली, आपल्यातल्या अंमलदारांची कोरली, आणि साध्या शिपायांचा पलटणीखाली फक्त आकडा दिला. त्यांची नावं राहिली कागदी नोंदवहीत. मला याचा अजून राग येतो.

तारखेबद्दल सावध राहा. 103, 110 आणि 117 या तिन्ही मराठा पलटणी मेसोपोटेमियातल्या कूत गावात तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या. 29 एप्रिल 1916 ला उपाशी फौज शरण आली आणि शिपायांना कैदी करून वाळवंटातून चालवत नेलं. वाटेत कोण कुठल्या दिवशी पडला हे कोण लिहिणार? तुमची तारीख एप्रिल 1916 नंतरची असेल तर ती अंदाजाची असू शकते.

गावचे कागदही बघा. त्यांच्या नावावर जमीन असेल तर वारसाचा फेरफार झालेला असणार. जुने फेरफार 'आपले अभिलेख'वर चढवले आहेत, तुमचं गाव त्यात आहे का ते आधी पाहा. नसेल तर तहसीलचा अभिलेख कक्ष. मला तिथे चार वेळा 'उद्या या' ऐकावं लागलं, पाचव्यांदा मी डबा घेऊनच गेले. फेरफार मोडीत होता. 'लढाईत मयत' आणि खाली वारस म्हणून त्यांच्या बायकोचं नाव. या आजींचं नाव आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, सगळे त्यांना 'बसरेवाली' म्हणायचे.

राहिली तिथी. तारीख पक्की असेल तर त्या सालचं पंचांग बघून कुणीही जाणकार गुरुजी काढून देतील. आमची तारीख 1916 च्या पावसाळ्यातली, म्हणजे कैदेतली. माझ्या भावाने तिथी काढून आणली, पण पान आम्ही अजून सर्वपित्रीलाच वाढतो. आता तिथे दोन पानं असतात.