नव्याने पाव करायला शिकणाऱ्या बहिणीसाठी कमी खर्चात गिफ्ट हँपर कसा तयार करू?

तुम्ही लिहिलंय की बहिणीला दोन महिन्यांपासून घरी पाव करायचा नाद लागलाय, वाढदिवस तोंडावर आलाय, हात जरा आखडता आहे आणि बाजारातले तयार ‘बेकिंग किट’ बघून गोंधळ उडालाय. ते तयार किट आधी डोक्यातून काढून टाका. मला सुरुवातीला असंच एक कुणीतरी दिलं होतं. पीठ फुगायला ठेवायची वेताची गोल टोपली, पावावर चिरा पाडायचं लाकडी मुठीचं ब्लेड, गव्हाच्या ओंब्या छापलेला एप्रन. दृष्ट लागावी असं देखणं! फक्त त्यात वजनकाटा नव्हता. त्या टोपलीत हल्ली कपड्यांचे चिमटे असतात.

तर बजेट कितीही असो, निम्मे पैसे डिजिटल वजनकाट्यावर घाला. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा, निदान तीन किलो पेलणारा आणि भांडं ठेवून पुन्हा शून्यावर आणता येणारा साधा काटा पुरतो. काचेचा, रंगीत, मोबाइलला जोडता येणारा असले लाड नकोत.

कपाने मोजलं तर काय बिघडतं? तोच कप चमच्याने हलक्या हाताने भरला तर मैदा साधारण १२० ग्रॅम बसतो, डब्यात खुपसून काढला तर १५० ग्रॅम. चार कपांत ४८० की ६००, एवढा फरक. आता दोन्हींत ३२५ ग्रॅम पाणी घाला. पहिल्यात पिठाच्या ६८ टक्के पाणी पडलं, दुसऱ्यात ५४ टक्के. एक गोळा बोटांना चिकटून येतो, दुसरा मळताना मनगट भरून येतं. रेसिपी तीच, हात तोच, आणि शिकणाऱ्याला वाटतं आपल्यालाच जमत नाही. मी कित्येक आठवडे हेच समजत होतो. काटा आला आणि दुसऱ्याच पावाला सूर सापडला.

काट्यासोबत मोजमापाच्या चमच्यांचा स्वस्तातला संच ठेवा. घरगुती काट्यांचं एकदोन ग्रॅम इकडेतिकडे होऊ शकतं, आणि यीस्ट तर जेमतेम काही ग्रॅमच लागतं. एक सपाट टीस्पून इन्स्टंट यीस्ट म्हणजे साधारण ३ ग्रॅम.

मग प्लॅस्टिकचा स्क्रॅपर. हाताच्या पंजाएवढा, एका बाजूने गोलाकार, जरासा लवणारा तुकडा. हँपरमधली ही बहुधा सगळ्यात स्वस्त वस्तू असेल आणि सगळ्यात जास्त हीच वापरली जाईल. नवखा माणूस पीठ चिकटलं की घाबरून वर कोरडं पीठ भुरभुरतो, आणखी भुरभुरतो, आणि पाव घट्ट होऊन बसतो. स्क्रॅपर हातात असला की चिकट गोळा खालून उचलायचा, दुमडायचा, भांड्याच्या कडा निपटून काढायच्या. जास्तीचं पीठ घालायची वेळच येत नाही.

झाकण म्हणून शॉवर कॅप द्या. हसू नका! इलॅस्टिकमुळे भांड्यावर घट्ट बसते, पीठ सुकत नाही आणि धुऊन पुन्हा वापरता येते. सरळ कडांचा पारदर्शक डबा मिळाला तर त्याला एक रबरबँड लावून द्या. गोळा डब्यात ठेवला की त्याच्या उंचीवर रबर सरकवायचं. पीठ दुप्पट झालं की नाही हे डोळ्यांना दिसतं, घड्याळाकडे बघावं लागत नाही. थंडीत तेच पीठ दुप्पट वेळ घेऊ शकतं, हे नवीन माणसाला कुणी सांगत नाही.

यीस्टच्या बाबतीत माझी एक फजिती सांगतो. मैत्रिणीला हँपर देताना मी माझ्याच कपाटातली उघडी बाटली छान बरणीत ओतून, रिबीन बांधून दिली. रात्री अकराला तिचा फोन, ‘चार तास झाले, गोळा आहे तसाच आहे.’ यीस्ट कधीच मेलेलं होतं. तेव्हापासून मी लहान बंद पाकिटंच देतो, तारीख बघून, आणि इन्स्टंटच, कारण ते सरळ पिठात मिसळता येतं. चिठ्ठीवर हेही लिहा: उघडलेलं पाकीट हवाबंद करून फ्रिजमध्ये ठेव, आणि शंका आली तर कोमट पाण्यात चिमूटभर साखरेसोबत भिजव; दहा मिनिटांत फेस आला नाही तर फेकून दे.

हँपर उघडल्या दिवशीच एक पाव व्हावा, ही माझी अट असते. म्हणून ५०० ग्रॅम मैदा आणि १० ग्रॅम मीठ मोजून एका पिशवीत भरा. मैदा घेताना पाकिटावर प्रथिनं बघा. १०० ग्रॅममध्ये ११ ते १३ असतील तर उत्तम. यीस्टचं पाकीट बाहेरून बांधा आणि स्वतःच्या अक्षरात कार्ड लिहा: ५ ग्रॅम यीस्ट, म्हणजे सुमारे पावणेदोन टीस्पून, आणि ३२५ ग्रॅम पाणी घाल, दहा मिनिटं मळ, दुप्पट होऊ दे, आकार देऊन टिनमध्ये पुन्हा फुगू दे, २२० अंश सेल्सिअसला अंदाजे ३५ मिनिटं भाज, खाली टकटक केल्यावर पोकळ आवाज यायला हवा, आणि कापायला तासभर थांब. शेवटचं वाक्य ठळक लिहा, कारण ते कुणीच पाळत नाही. मीसुद्धा!

पैसे उरले तर ९ बाय ५ इंचांचा टिन घ्या, एवढं पीठ त्यात नीट बसतं. पीठ फुगवायची वेताची टोपली नको. चाळणीत सुती फडकं अंथरून तांदळाचं पीठ भुरभुरलं की तेच काम होतं. पाव भाजायचं बिडाचं जड भांडं बजेटच्या बाहेरचं. आणि आंबवणाची, म्हणजे सावरडोची बरणी तिने मागितल्याशिवाय देऊ नका. त्या आंबवणाला सतत नवं पीठ-पाणी खाऊ घालावं लागतं. म्हणजे विचारल्याशिवाय कुणाला मांजराचं पिल्लू देण्यासारखंच झालं.

हँपर भरायलाही टोपली विकत घेऊ नका. एक जाड सुती पंचा पसरून सगळं त्यात ठेवा आणि गाठोडं बांधा. पंचा पुढे गरम पाव गुंडाळायला कामी येईल. काट्यात सेल मात्र आधीच घालून ठेवा, नाहीतर वाढदिवसाच्या संध्याकाळी ती रिमोट उघडून बसेल.