बांधावरचा एरंड आणि भाच्याचं इंजेक्शन

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझा भाचा २३ वर्षांचा. रक्ताचा कॅन्सर, बी-एएलएल. केमोनं गेला होता, आता उलटलाय. बेळगावच्या डॉक्टरांनी इनोटुझुमॅब सुचवलंय; त्यात विष जोडलेलं असतं म्हणे. इकडे एक जण सांगतो, एरंडाच्या विषावरही कॅन्सरसाठी संशोधन झालंय. आमच्या बांधावर एरंड हवा तेवढा. रोज एक बी उगाळून देऊ का?
– एक मामा, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : नाही मामा, अर्धीसुद्धा नाही. दिली असेल तर आजच दवाखान्यात सांगा, रागावले तर रागावू देत.

सांगणारा अगदीच खोटं बोलला नाही, म्हणून तर पंचाईत. एरंडाच्या बीतल्या रायसिन या विषाचे दोन भाग असतात. एक पेशीला चिकटतो, मग ती आतड्याची असो की यकृताची. दुसरा आत शिरून पेशीचं प्रथिनं बनवण्याचं काम बंद पाडतो. १९८०च्या दशकात संशोधकांनी चिकटणारा भाग काढून त्या जागी कॅन्सरच्या पेशीवरची खूण ओळखणारी अँटिबॉडी बसवली. तरी रुग्णांच्या रक्तवाहिन्या पाझरू लागल्या, अंगावर सूज आली. रायसिनचं असं एकही औषध बाजारात आलं नाही. तुमच्या बांधावरच्या बीला तर तो चिकटणारा भाग जसाच्या तसा आहे! एरंडेल घरोघर पितात, हा दाखला देऊ नका. विष तेलात उतरत नाही, पेंडीत राहतं. आणि या मुलाला सध्या एरंडेलही नको.

अशाच धर्तीचं, पण जिवाणूचं विष जोडलेलं मॉक्सेटुमोमॅब हे औषध २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण हेअरी सेल ल्युकेमिया या वेगळ्या रक्ताच्या कॅन्सरसाठी. वापर फारसा झाला नाही, २०२३ मध्ये ते तिथल्या बाजारातून काढून घेतलं.

आता इनोटुझुमॅब. यातलं विष कॅलिकिमायसिन, टेक्सासच्या चुनखडी मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं. अँटिबॉडी पेशीवरच्या सीडी २२ या खुणेला धरते, पेशी तिला गिळते, आत विष सुटं होऊन डीएनए तोडतं. उलटलेल्या बी-एएलएलवरच्या मोठ्या चाचणीत १०० पैकी सुमारे ८१ जणांचा आजार आटोक्यात आला. नेहमीच्या केमोवर २९ जणांचा. मात्र मधल्या रुग्णाचं आयुष्य (मीडियन) जेमतेम महिनाभरानंच वाढलं. म्हणून मी याला शेवटचा उपाय म्हणत नाही. आजार दबलेला असताना बोन मॅरो ट्रान्सप्लांट गाठायचा, त्यासाठी हे औषध. भाच्याच्या सख्ख्या भावंडांची एचएलए तपासणी, म्हणजे ट्रान्सप्लांटसाठी कोण जुळतं ते पाहणारी रक्ततपासणी, झाली का? नसेल तर इंजेक्शन सुरू व्हायची वाट बघू नका.

डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा. आजार उलटल्यानंतरच्या फ्लो सायटोमेट्रीत (पेशींवरच्या खुणा पाहणारी तपासणी) सीडी २२ दिसतंय का? जुना रिपोर्ट चालणार नाही, पेशी खुणा बदलतात. दुसरं, यकृत कसं आहे? या औषधानं यकृतातल्या बारीक शिरा तुंबू शकतात, ट्रान्सप्लांटनंतर तर जास्तच. औषधाच्या दोन फेऱ्यांतच ट्रान्सप्लांट गाठावा असं सांगतात ते त्यामुळंच. काढे, भस्मं सगळं बंद.

इंजेक्शन साधारण आठवड्याला एक असतं. रोज सकाळी वजन करून वहीत लिहा. वजन एकदम वाढलं, पोट फुगलं, उजव्या बरगडीखाली दुखलं, डोळे पिवळे झाले, तर त्याच दिवशी निघायचं. जांबोटीहून रात्री गाडी मिळण्याची मारामार. बेळगावात पाहुण्यांकडे खोली मिळत असेल तर उपचार संपेपर्यंत मुलाला तिथंच ठेवा.