अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडीतून ‘सूंऽऽ’ असा आवाज येतो. टर्बो बदलावाच लागेल का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून: डिझेल हॅचबॅक, लाखभर किलोमीटर झालेली, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पाय दिला की सूंऽऽ करत आवाज चढतो, पाय काढला की गप्प. चढाला पिकअपही कमी वाटतो. गॅरेजवाल्याने टर्बोच्या (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा ढकलणारा पंखा) हवेच्या पाइपच्या तोंडातलं तेल दाखवून ‘टर्बो गेला’ म्हणून सांगितलंय. सांगलीजवळ आमचं गॅरेज आहे, अशा गाड्या सारख्या येतात. एवढ्यावरून टर्बो बदलू नका.

आधी त्या तेलाचं. इंजिनातल्या वाफा ब्रीदरच्या नळीने टर्बोच्या आधी आत ओढून घेतल्या जातात, आणि त्यांच्यासोबत थोडं तेल येतंच. त्यामुळे चांगल्या गाडीच्या पाइपमध्ये बोट घातलं तरी ते ओशट होऊन बाहेर येतं. पाइपमध्ये तेल साचलेलं असेल, मागून निळा धूर येत असेल, दर महिन्याला ऑइल टॉप-अप करावं लागत असेल, तर गोष्ट वेगळी.

खरा प्रश्न आहे आवाज कोणाच्या मागे धावतो हा: इंजिनाच्या, चाकांच्या की लोडच्या (म्हणजे इंजिनावर पडणाऱ्या जोराच्या). मोकळा रस्ता बघा, काचा लावा, टेप बंद. साठच्या वेगाने आधी चौथ्यात चालवा, मग त्याच वेगाला तिसऱ्यात. चाकं तेवढीच फिरतायत, इंजिन मात्र जास्त फिरतंय. आवाजाची पट्टी चढली तर उगम इंजिनाकडे. तशीच राहिली तर चाकांकडे: व्हील बेरिंग, टायर नाहीतर डिफरन्शियल (दोन्ही चाकांना जोर वाटून देणारे गिअर). व्हील बेरिंगचा आवाज घरघरणारा असतो आणि वळणावर बदलतो. डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर येतं, तेव्हा घरघर वाढली तर संशय उजव्या बाजूवर. तुमचा आवाज पाय काढताक्षणी थांबतो, म्हणून मी चाकांकडे फारसा जाणार नाही.

मग गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये रेस द्या. तेव्हाही आवाज आला तर बेल्ट आणि बेल्टवर फिरणाऱ्या वस्तू तपासायच्या: टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली), आयडलर पुली (बेल्टला नुसती वाट देणारी), अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा), आणि स्टिअरिंग हायड्रॉलिक असेल तर त्याचा पंप. पंपाचा आवाज स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर वाढतो, आधी त्याच्या डबीतल्या ऑइलची पातळी बघा. बेल्टवर पाण्याचे चार थेंब टाकून आवाज बदलला तर बेल्ट किंवा त्याचा ताण. बदललाच नाही तर बहुतेक कुठलं तरी बेरिंग. बेल्ट उतरवून गाडी क्षणभर चालू केली की शंका उरत नाही. बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच बेल्टवर असतो, त्यामुळे अर्ध्या मिनिटाच्या वर नको. इंजिन बंद झाल्यावर प्रत्येक पुली हाताने फिरवा. ज्या बेरिंगमधलं ग्रीस संपलंय ते हाताला खरखरीत लागतं. पुली किंवा टेन्शनर म्हणजे टर्बोच्या मानाने किरकोळ खर्च.

न्यूट्रलमध्ये आवाज नाही आणि रस्त्यावर जोर दिल्यावरच येतो, असं असेल तर टर्बो किंवा त्याच्या पुढची हवेची लाइन. उभ्या गाडीत नुसती रेस दिली तर टर्बो फारसं प्रेशर बनवतच नाही, म्हणून तिथे ऐकू न येणं म्हणजे सुटका नव्हे. माझा पहिला संशय टर्बोपासून इंटरकूलरकडे (टर्बोची गरम हवा गार करणारी जाळी) आणि तिथून इंजिनाकडे जाणाऱ्या रबरी होजवर आहे. मागे एका गाडीचा असाच होज काढला होता. वरून अगदी धडधाकट. क्लॅम्पच्या कडेला अंगठ्याने वाकवला तेव्हा नखभर चीर उघडली, सोडला की परत मिटली. आजूबाजूला काळपट, तेलकट डाग होता, आम्ही तेवढ्यावरूनच शोधला. प्रेशर आलं की चीर उघडते, शिट्टी वाजते, हवा बाहेर जाते, पिकअप पडतो, कधी काळा धूर येतो. तुमची लक्षणं याला बरीच जुळतात. होज नवा टाका, क्लॅम्पही नवे. टेप गुंडाळून दिलं तर घेऊ नका, उष्णतेने आठवड्यात सुटतं.

होज ठीक निघाले तर टर्बो तपासा, तोही बदलण्याआधी. इंजिन थंड असताना एअर फिल्टरकडचा पाइप काढा, आतला पंखा बोटाने फिरवा. तो मोकळा फिरला पाहिजे. आडवा किंचित हलतो, ते चालतं, कारण शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगतो. आत-बाहेर मात्र हाताला जाणवेल असा खेळ नको. पात्यांनी आतल्या भिंतीवर घासल्याच्या खुणा दिसल्या तर गाडी चालवूच नका. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारी वस्तू आहे ती. आणि टर्बो खरंच गेला असेल तर तेल पोचवणारा पाइप बदला किंवा साफ करून घ्या. तो चोंदलेला राहिला तर नवाही जाईल.

गिअरबॉक्सबद्दल थोडक्यात. आवाज एकाच गिअरमध्ये येत असेल, किंवा उभ्या गाडीत न्यूट्रलला येऊन क्लच दाबल्यावर थांबत असेल, तर तिथलं बेरिंग. पावसात गाडी पाण्यातून काढली होती का? गिअरबॉक्सच्या ब्रीदरमधून पाणी आत गेलं की गिअर ऑइल दुधाळ होतं आणि बेरिंग खातं. ड्रेन बोल्ट सैल करून चार थेंब बघितले तरी कळतं. ऑइल पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच भरा. रिव्हर्सला गाडी ओरडते ती बहुतेक सरळ दातांमुळे, तो बिघाड नाही.

आवाज फक्त स्पीकरमधून येत असेल, म्हणजे टेप बंद केल्यावर जात असेल, तर मेस्त्रीकडे जाऊच नका, स्टिरिओची अर्थिंग बघा.

साठच्या वेगाला तिसऱ्यात आणि चौथ्यात काय फरक पडला आणि होजवर डाग सापडला का, ते खाली लिहा. मग पुढचं बघू.