गाथेतले तुकोबा पडद्यावर भेटले नाहीत

प्रश्न : आमच्या घरात आज्जीपासून माळ आहे. गावच्या भजनात मी पेटी धरतो. प्रभातच्या 'संत तुकाराम'चं कौतुक लहानपणापासून ऐकलेलं, म्हणून परवा मुद्दाम सगळा बघितला. मन काही भरलं नाही बघा. तुकोबा सारखे शांत, हसरे. कुणी कितीही छळलं तरी राग नाही. 'नाठाळाचे माथीं हाणूं काठी' म्हणणारा माणूस तो हाच काय? मंडळात बोललो तर म्हातारी माणसं रागावली. माझीच समज कमी पडते काय हो?
– एक वाचक, खानापूर तालुका

उत्तर : समज कमी पडत नाही. ज्याच्या तोंडी गाथा आहे त्यालाच हे खुपणार. तुम्ही सांगितलेल्या अभंगाची सुरुवातच 'मऊ मेणाहूनि आम्ही विष्णुदास, कठिण वज्रास भेदूं ऐसे' अशी आहे. दिग्दर्शक दामले-फत्तेलालांनी नायकाला मेण तेवढं दिलं. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस आपल्याच चिकोडीचे, आधी नाटकांत स्त्रीभूमिका करणारे. तो मऊपणा तिथूनही आला असावा, असं मला वाटतं. १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात चित्रपटाचा गौरव झाला म्हणून तुमची तक्रार खोटी ठरत नाही. शेवटचं ते वैकुंठगमन मलाही कधी भिडलं नाही.

पण वज्र गेलं कुठं? ते तुकोबांच्या बायकोकडे, जिजाईकडे आहे. नटी गौरीबाईंची जिजाई आजारी पोराला ओढत देवळात नेते आणि विठोबावर वहाण उगारते. 'माझे लेखीं देव मेला' म्हणणारे गाथेतले तुकोबा मला त्या बाईच्या आवाजात ऐकू येतात. नवरा वैकुंठाला जातो, ती इथंच राहते, पोरांपाशी. एवढी खरी बाई मराठी पडद्यावर मी फार थोड्या वेळा बघितली.

आणि गाथा चित्रपट करणाऱ्या मंडळींना कळत नव्हती असं मात्र म्हणू नका. 'आधी बीज एकले' शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिलं. इथं शहापुरात आमच्या गल्लीत एकादशीला ते तुकोबांचा अभंग म्हणूनच गातात, इतकं ते गाथेच्या चालीनं उतरलंय.

मंडळात पुन्हा विषय निघाला तर नायकावरून भांडू नका, जिजाईचा तो देवळातला प्रसंग काढा. म्हाताऱ्यांना तो पाठ असतो. तिथून बोलत गेलात की काठीवाले तुकोबा का दिसले नाहीत, हेही ते ऐकून घेतील.